पट्टा काढलेलं झाड

झाड मारायला ते पाडावं लागत नाही. कमरेच्या उंचीवर, वीतभर रुंद, खोडाभोवती गोल साल सोलून काढायची. पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. झाड उभ्या उभ्या उपाशी मरतं, आणि मेल्यावरही बरीच वर्षं उभंच राहतं.

*

मोटरसायकलची क्लच वायर कापली की तिचं टोक पिंजारतं आणि बोटात घुसतं. म्हणून टोकावर तांब्याची बारकी नळी ठोकून बसवायची, आणि नळीच्या कडेवरून कानस फिरवायची. सगळे मेकॅनिक एवढं करत बसत नाहीत.

*

बेकरीवाला रविवारी करपलेला ब्रेड आणतो. "चांगला विकायला, करपलेला समाजसेवेला," असं म्हणतो आणि दुसरं कुणी हसत नाही म्हणून स्वतःच हसतो.

*

शिट्टी एकच, लांब. हातातलं टाका. पळा.

*

धार लावायच्या दुकानात आरसा लागतो. तोंड बघायला नाही. डोळ्यात लोखंडाचा कण गेला की तो काढायला.

*

फास ओढला की आवळतो. मागे सरकलं की सैल पडतो. जनावर मागे सरकत नाही.

*

टेकडीवरच्या कुत्रीला सगळे मॉनिटर म्हणत, कारण ती रांगेच्या शेवटी चालायची आणि कुणी मागे राहिलं तर त्याच्या पोटरीला नाक लावायची.

ओळीने

टेकडी क्लबमध्ये रविवारी सकाळी पंधरा-वीस जण यायचे. कचरा उचलायचे, पायवाटांवर दगड लावायचे, पाणवठ्यातला गाळ काढायचे. ऊन चढलं की बहुतेक घरी जायचे. मागे राहायचे ते चौघं, आणि खरं काम तेच करायचे. बाई, दातवाला, बेकरीवाला आणि धारवाली.

बाईंनी आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली. निवृत्त झाल्यावर त्यांना शिकवायला मुलं उरली नाहीत, म्हणून मोठी माणसं घेतली. दातवाला दातांचा डॉक्टर. बेकरीवाल्याचं सांगून झालं. धारवालीचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. कात्र्या, सुऱ्या, करवती, हजामाचे वस्तरे, शिवाय क्लबची सगळी हत्यारं. मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा धाकटा भाऊ राहायचे. भाऊ गॅरेजमध्ये मेकॅनिक.

ती टेकडीवर येते हे भावाला हास्यास्पद वाटायचं.

"आठवडाभर लोखंड घासतेस, रविवारी झाडं सोलतेस. तुझे हात म्हणजे काय शिक्षा आहे का कुणाला?"

"तू चल एकदा."

"मी? तुझ्या त्या बाई शर्टाची बटणं मोजतील माझ्या."

क्लबचं मोठं काम म्हणजे बाहेरून आलेली झाडं मारणं. कधीकाळी कुणीतरी सावलीसाठी आणून लावलेली, भराभर वाढणारी, ज्यांच्याखाली गवताची काडी उगवत नाही अशी. क्लब त्यांना पाहुणे म्हणायचा. पाहुण्याची साल सोलली की तो पट्टेवाला व्हायचा. "साहेब येईपर्यंत उभा राहणार," असा विनोद दातवाल्याने कधीतरी केला होता आणि तो टिकला. मेलेली झाडं मुद्दाम पाडायची नाहीत, त्यात पाखरं घर करतात. पण ती वाऱ्यात कधी मोडतील सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक पट्टेवाल्यावर, डोक्याच्या उंचीला, पिवळ्या रंगाचा तळहाताएवढा ठिपका. पायवाटेच्या बाजूने. माणसं पायवाटेनेच येणार, दुसऱ्या बाजूने कोण येतंय?

कवायत

दर रविवारी कामाआधी. सगळ्यांनी हत्यार हातात धरून उभं राहायचं. बाई वर शेंड्याकडे बघणार. बाईंच्या तोंडात शिट्टी.

शिट्टी वाजली की हातातलं टाका. बघू नका. विचार करू नका. शेजाऱ्याला ओढू नका. झाडाच्या कलाला आडवं पळा, चढाकडे. वरच्या पहिल्या मोठ्या दगडाशी पोचलात की वळा.

जो विचार करेल तो परत.

बेकरीवाला पहिल्या वर्षी विचार करायचा. हातातली करवत महाग आहे, ती नीट ठेवून पळू, असं त्याचं म्हणणं. बाईंनी त्याला इतक्या वेळा परत पळवलं की पुढे दुकानात कुणाच्या कुकरची शिट्टी झाली तरी त्याच्या हातातला ट्रे सुटायला लागला. हे तो स्वतःच रंगवून सांगायचा.

"पाय शिकले पाहिजेत," बाई म्हणायच्या. "डोकं तिथे उशिरा पोचतं."

धारवालीचे पाय सगळ्यात आधी शिकले. बाई तिचं उदाहरण द्यायच्या.

मॉनिटर

ओढ्याच्या बाजूला, झुडपात, फास होता. मॉनिटर रांगेच्या मागे होती ती दिसेनाशी झाली. मग एक आवाज आला, कुत्र्याचा वाटत नव्हता.

ती पुढे ओढत होती. प्रत्येक हाकेला बाईंकडे यायला बघत होती, म्हणजे बाईच तिला मारत होत्या, हाका मारून. कळलं तोवर तार कातड्याच्या आत गेली होती. बाईंनी दोन्ही हातांनी तार धरली, त्यांच्या बोटांचं मांस निघालं, दातवाला "मागे ढकला, मागे ढकला" म्हणून ओरडत राहिला, कुत्रीने बाईंच्या मनगटाचा चावा घेतला आणि तिथेच दात रुतवून ती मेली. जबडा उघडायचं काम दातवाल्याने केलं.

खड्डा धारवालीने खणला. तार कापून बाजूला टाकली होती. तिने ती उचलली, गोळा करून फेकायला. टोकावर तांब्याची नळी होती. अंगठा सवयीने नळीच्या कडेवरून फिरला.

कड गुळगुळीत होती.

तिने तार खिशात घातली आणि खणत राहिली. बाई म्हणाल्या, "खोल घे. कोल्हे उकरतात." तिने खोल घेतला.

दुकान

"हे काय आहे?"

"तार," भाऊ म्हणाला.

"कड मारलीय हिची."

"मग? चांगलंय की. टोचत नाही."

"कड मारायला तुला मी शिकवलं."

त्याने तारेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. घासायचं चाक चालूच होतं, तिने मघापासून कात्री लावली नव्हती, नुसतंच फिरत होतं.

"सशांसाठी लावतो मी," तो म्हणाला. "कधी डुकरांसाठी. गॅरेजमधली पोरं मिळून खातो. कुत्रीसाठी कशाला लावीन?"

"फासाला वाचता येतं का, ससा कोण नि मॉनिटर कोण?"

"ए ताई, एका कुत्रीसाठी—"

तिने त्याच्या थोबाडीत मारली. त्याने तिला ढकललं, ती हत्यारांच्या फळीवर आदळली आणि दोन कात्र्या खाली आल्या, एक तिच्या पायाशेजारच्या लाकडी पाटात उभी रुतली. मग तिने त्याचं मनगट धरलं आणि फिरत्या चाकावर टेकवलं. एवढुसंच. बोटांच्या पेरांवरची कातडी उडाली. ठिणगी नाही, नुसता वास.

तो ओरडला नाही. लहानपणीही ओरडायचा नाही, उलट मारायचा. पण आता उलट मारलंही नाही. हात पाण्याच्या टोपात बुडवून उभा राहिला, जिथे ती गरम पाती बुडवायची. टोपातलं पाणी हळूहळू लाल झालं.

"किती आहेत अजून?"

"आहेत ओढ्याच्या कडेनं. मोजल्या नाहीत."

"काढून आण सगळ्या."

"बरं."

"बरं नाही. येत्या रविवारी सकाळीच जा. आम्ही त्या दिवशी पलीकडच्या उतारावर आहोत, रोपांच्या पिशव्या भरायला. ओढ्याकडे कुणी नसेल. मधल्या दिवसांत जाऊ नकोस, बाई रोज फिरतायत तिथे काठी घेऊन."

"सापडलो तर?"

"सापडायचं नाही. त्या तुला जिवंत सोडणार नाहीत."

हे तिने बोलायचं म्हणून म्हटलं होतं. आपण कुणाच्या तरी रागाबद्दल असं म्हणतोच.

तिने त्याच्या हाताला फडकं बांधलं. तो म्हणाला, "चाक बंद कर आता, कानात बसलंय." तिने बंद केलं.

रविवार

रोपवाटिकेच्या झोपडीत खिळ्याला एक कापडी पिशवी असे. कामाआधी सगळ्यांचे फोन तिच्यात. शाळेची सवय. बाईंनी पिशवी फिरवली, सगळ्यांनी फोन टाकले, तिनेही टाकला, पिशवी खिळ्याला गेली, झोपडीला कुलूप लागलं. आणि मग बाई म्हणाल्या,

"आज पिशव्या नाहीत. आज ओढा."

बाकीच्यांना त्यांनी घरी पाठवलं होतं. तिघांनाच ठेवलं होतं. दोर आणला होता.

"बाई, घरी एक फोन करायचा होता."

"सुटी झाल्यावर."

"दोन मिनिटं."

"अगं, कोण आजारी आहे का?"

"नाही."

"मग चल."

चालताना तिने एकदा मुद्दाम पाय घसरवला आणि मोठ्याने ओरडली, ओढ्यापर्यंत आवाज जाईल असं. बाईंनी वळून ओठांवर बोट ठेवलं. बेकरीवाल्याने तिचा दंड धरून उठवलं आणि कुजबुजला, "आज जोरात दिसतेस."

ते पायवाट सोडून पात्रातून वर चढले, दगडांवरून. गवत वाळलेलं, झाडं झाडून निष्पर्ण. जिवंत आणि मेलेली सारखीच दिसतात त्या दिवसांत.

तो पाठमोरा बसला होता. खांद्यावर तारांची वेटोळी, हाताला तिने बांधलेलं फडकं. झुडपातून आणखी एक तार सोडवत होता. घाई नव्हती त्याला. कुणी नसणार, असं त्याला सांगितलेलं होतं.

बेकरीवाला रोज पहाटे मैद्याची पोती उचलतो. तो त्याच्या पाठीवर पोत्यासारखाच पडला.

काय काय झालं

बाईंनी काठीने पहिला फटका गुडघ्यामागे मारला, म्हणजे माणूस उठत नाही. दुसरा कोपरावर. त्या मोजत होत्या की काय कोण जाणे, ओठ हलत होते. दातवाल्याने आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं, त्यामुळे त्याला थांबायचं कधी ते माहीत नव्हतं. तो बुटांनी बरगड्यांत मारत होता आणि प्रत्येक लाथेला "सॉरी" म्हणावं तसा श्वास सोडत होता. बेकरीवाल्याने त्याचं डोकं केसांना धरून दगडावर आपटलं. एक दात उडून वाळूत पडला. दातवाल्याने तो उचलला, उन्हात धरून बघितला.

"सुळा आहे," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

"काढायला आलोय," भाऊ म्हणत होता. तोंडात रक्त होतं, शब्द फुटत नव्हते. "तारा काढायला आलोय मी. ताई, सांग ना."

"ताई-बिई म्हणून सुटशील असं वाटतं?" बाई म्हणाल्या.

कुणालाही ताई म्हणतात. त्याने कुणाकडे बघून म्हटलं, हे कुणी पाहिलं नाही.

धारवाली तिथेच उभी होती. हातात कोयता. सांगितलं तर हा टेकडीवरचा शेवटचा दिवस. आणि सांगितलं तर मारणं थांबेल की वाढेल? ही दुसरी भीती खरी होती, आणि पहिलीही खरी होती. त्याच्या बरगडीतून काडी मोडल्यासारखा आवाज आला.

"बाई, थांबा."

"तू बघू नकोस. तिकडे तोंड कर."

"तो माझा भाऊ आहे."

थांबले. बेकरीवाल्याच्या मुठीत केस तसेच राहिले.

"तारा काढायला मीच पाठवलाय. आज आपण पलीकडे असणार होतो ना, म्हणून."

बाई तिच्याकडे वळल्या. मग विचारलं, वर्गात विचारतात तशा आवाजात, "खड्डा खणताना तुला माहीत होतं?"

"हो."

बाईंनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्याने तिच्या कानशिलात दिली. चावलेलं मनगट होतं ते, पट्टीतून रक्त आलं. दोघींनाही लागलं.

"बांधा याला," बाई म्हणाल्या.

बांधणं

काठावर एक जाड झाड होतं. त्याला पाठ टेकवून उभा केला. बेकरीवाला दोर घेऊन खोडाभोवती पळत फिरला, पोटावरून, हातांवरून, कमरेवरून, पुन्हा पुन्हा, वेटोळ्याला वेटोळं लागेपर्यंत. गाठ समोर मारली.

मग बाईंनी त्याच्याच खांद्यावरची एक तार घेतली. फास त्याच्या डोक्यातून गळ्यात सोडला आणि तारेचं दुसरं टोक मागे खोडाला, त्याच्या मानेच्या वर, फांदीच्या बेचक्यात गुंडाळून पिळलं.

"बाई, हे नको," दातवाला म्हणाला.

"काही होत नाही. शहाण्यासारखा खोडाला टेकून राहिला तर काही होत नाही. पुढे ओढ घेतली तरच होतं. मॉनिटरला तेवढं कळलं नाही, याला कळेल. माणूस आहे." त्यांनी दातवाल्याला झोपडीची किल्ली दिली. "फोन आण. वनखात्याची गाडी बोलवू. कायद्याने होऊ दे सगळं."

दातवाला गेला. सुळा त्याच्या खिशातच होता.

बाई समोर दगडावर बसल्या, काठी मांडीवर आडवी. बेकरीवाल्याने पिशवीतून ब्रेड काढला, बघितला, परत ठेवला. भाऊ मान ताठ करून खोडाला टेकून उभा होता. एक डोळा मिटला होता. दुसऱ्याने बहिणीकडे बघत होता.

"चाकच बरं होतं," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, तर तार हलली.

वारा सुटला.

ठिपका

तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ती झाडामागे गेली. तेवढ्यासाठीच गेली. मागच्या बाजूला पायवाट होती. आणि डोक्याच्या उंचीवर, उन्हापावसाने फिका पडलेला, पिवळा ठिपका.

तिने दोराच्या वेटोळ्यांत बोट घालून ती बाजूला सारली. खाली साल नव्हती. वीतभर रुंद, करडं, कोरडं लाकूड, आणि त्यातून पिठासारखा भुसा गळत होता. पट्ट्यावर पट्टा बरोबर बसला होता. समोरून तो तिच्या भावाच्या कमरेने झाकला होता.

"पट्टेवालं आहे!" ती ओरडली. "बाई, हे पट्टेवालं झाड आहे!"

"खोटं बोलू नकोस."

"ठिपका आहे इकडे, येऊन बघा!"

ती पुढे येऊन कोयता गाठीवर चालवायला लागली. बाई उठल्या आणि काठी तिच्या मनगटावर मारली. तिने कोयता सोडला नाही. दुसरा फटका आला तेव्हा तिने कोयता फिरवला. बाईंच्या दंडावर एक रेघ उमटली, क्षणभर पांढरी, मग भरून वाहिली. धार चांगली होती. तिनेच लावली होती, शनिवारी.

"बाई," झाडामागून बेकरीवाल्याचा आवाज आला. "बाई, आहे." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "दोर गुंडाळताना पिवळं दिसलं होतं मला. मला वाटलं ऊन पडलंय."

बाईंच्या तोंडावरचा राग एकदम गेला. आत काहीच नसल्यासारखा चेहरा झाला. मग त्यांनी तेच केलं जे त्या दर रविवारी करायच्या. चार पावलं मागे सरकल्या, मान वर करून शेंडा बघायला लागल्या, आणि शिट्टी तोंडात धरली. म्हणजे काम करणाऱ्याने वर बघायचं नाही. वर बघायला बाई आहेत.

"काप," त्या शिट्टीच्या कडेने म्हणाल्या. "मी बघते. काप तू."

तिने कापलं. दोर जाड होता, वेटोळी पुष्कळ, एकेक तुटत सुटत गेली. त्याचे हात मोकळे झाले, पण एक कोपरातून मोडला होता आणि दुसऱ्याची बोटं सुजून जाड झाली होती. उरली तार. तारेला कोयता चालत नाही.

"मागे टेक," ती म्हणाली. "डोकं खोडाला लाव. ओढू नकोस. सैल पडू दे."

"माहितीय," तो म्हणाला. "मीच केलाय."

त्याने डोकं मागे टेकलं. फास सैल पडला. तिने कोयत्याची मूठ काखेत धरली, दोन बोटं आत गेली. तार त्याच्या हनुवटीच्या खाली, बोटांना त्याची नाडी लागत होती, भरभर. तिने नळीपाशी धरून तार मागे सरकवायला घेतली. गुळगुळीत होती, सरकत होती.

झाडाच्या पोटात काहीतरी करकरलं.

शिट्टी वाजली. एकच, लांब.

पाय

कोयता खाली पडला.

झाडाच्या आडवी, चढाकडे. गवत, दगड, गवत. शेजारून बेकरीवाला पळत होता. मागून बाईही पळत होत्या, शिट्टी तोंडात, अजून वाजतच. तिघंही बरोबर पळत होते, अंतर ठेवून, शिकवलं तसं. दगडाशी पोचल्यावर वळायचं असतं.

ती वळली.

तो तिच्यामागे यायला निघाला होता. ते तिने पाहिलं. सगळे पळतात म्हटल्यावर तोही पळाला होता. फास स्वतः केलेला माणूस, एक पाऊल पुढे, दुसरं पुढे, तार ताठ, दोन्ही वाकडे हात गळ्याशी, पुढेच ओढत होता. तिच्याकडे.

झाड पट्ट्यावर मोडलं. खोडाचा वरचा सगळा भाग ओढ्याकडे कलला, आणि तार त्याच भागाला बांधलेली होती. त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. झाडाने त्याला उलटं, मागे, स्वतःबरोबर नेलं. मग पात्रातले दगड आणि लाकूड यांच्या मध्ये ठेवलं.

धूळ उडाली. पाखरं उठली, फार नाही. त्या झाडात दोन-तीनच घरटी होती.

नंतर

बेकरीवाला खोडाखाली खांदा घालून उचलत होता. पोतं नव्हतं ते, हललं नाही. खाली जे दिसत होतं त्यात फडकं बांधलेला हात होता, तेवढा सोडून काही ओळखीचं नव्हतं. तिने तो हात धरला. मग सोडला आणि बाईंकडे गेली.

बाई दगडाशी उभ्या होत्या, दंडातून रक्त बोटांवरून ठिबकत होतं. तिने त्यांच्या तोंडातून शिट्टी खेचली, दोरीसकट, दोरी मानेवर करकचली आणि तुटली. मग तिने त्यांना मारलं. मुठीने, तोंडावर, छातीवर, पुन्हा तोंडावर. बाईंनी हात पाठीमागे बांधले होते. शिक्षा घेणाऱ्या मुलाने उभं राहावं तशा उभ्या होत्या, टाचा जुळवून. पडल्या की उठून पुन्हा तशाच उभ्या राहत होत्या. तिचे हात थांबले तेव्हा ते दुखून थांबले.

"मी का पळाले?" तिने विचारलं. "बाई, सांगा ना. माझी बोटं आत होती. मी का पळाले?"

बाईंच्या ओठातून रक्त येत होतं. त्यांना उत्तर माहीत होतं. त्यांनी टाचा पुन्हा जुळवल्या.

वरून पायवाटेने दातवाला येत होता, हातात फोनची पिशवी, धापा टाकत. लांबूनच ओरडला, "गाडी निघालीय! याला पाणी दिलं का कुणी?"

दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार

त्या झाडाची साल काढायची होती त्या दिवशी सोलायचं पातं धारवालीच्या दुकानातच राहिलं होतं. ते मोटरसायकलवरून टेकडीवर पोचवलं तिच्या भावाने. त्याने हेल्मेट काढलं नाही, बाईंनी त्याला "थँक यू, बाळा" म्हटलं, आणि तो पायवाटेवरून खाली जाईपर्यंत मॉनिटर त्याच्या मागे मागे गेली.